काकांनी स्वॅप वाढवली

सांगलीच्या काकांकडे लॅपटॉप आला तेव्हा आमच्या सगळ्या भावकीतला तो पहिला लॅपटॉप होता. लोक बघायला येत, चहा पीत, "बारीकच हाय की ओ" म्हणत आणि जात. काकांचा मुलगा अमेरिकेत होता. त्याच्या ऑफिसनं जुनी यंत्रं मोडीत काढली, त्यातलं एक तो सुट्टीवर येताना बॅगेत घालून घेऊन आला. तिकडं जे मोडीत निघालं होतं ते इकडं काकीनं क्रोशाच्या रुमालाखाली झाकून टीव्हीशेजारी मांडलं. देताना ऑफिसनं आतलं सगळं पुसून घेतलं होतं. त्यामुळं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायची आणि त्यापुढं काही नाही. मुलगा परत जाताना सांगून गेला, "साताऱ्याच्या दादाला बोलवा, तो करेल काहीतरी."

साताऱ्याचा दादा म्हणजे मी. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी साताऱ्यात एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. माझ्या स्वभावात एक खोड आहे. एखादी गोष्ट धड चालत असली, तरी ती याहून धड चालेल का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यापायी घरातला एक पंखा आणि आईचा मिक्सर मी कायमचे थंड केले होते. त्यात नुकताच मी लिनक्सच्या, म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या एका नव्या प्रणालीच्या, नादाला लागलो होतो. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली आणि मी बिघडलो. नुकतीच सिगारेट सोडलेला माणूस जसा भेटेल त्याला सिगारेट सोडायला सांगतो, तसा मी भेटेल त्याला लिनक्स घाला म्हणून सांगत सुटलो होतो.

काकांनाही फोनवर सांगितलं. काकांचं सांगलीत किराणा मालाचं दुकान होतं. जन्म त्यात गेला आणि गुडघे बोलायला लागल्यावर ते त्यांनी भाच्याकडं सोपवलं.

"फुकट हाय म्हणतोस?" काका म्हणाले. "मग खोट काय हाय त्यात?"

"खोट नाही काका. जगभरातली माणसं मिळून करतात ते."

"आणि फुकट वाटत्यात?"

"हो."

"बरं," काका म्हणाले. त्या 'बरं'मध्ये जगभरातल्या त्या माणसांबद्दल त्यांना काय वाटलं ते सगळं आलं. "बुद्धिबळ खेळता येतंय का त्यावर, तेवढं सांग."

येत होतं. आणि काकांना त्या यंत्राकडून तेवढंच हवं होतं.

याचं कारण गल्लीत समोर राहत होतं. एसटीतून रिटायर झालेले एक कंट्रोलर काकांचे बुद्धिबळातले जोडीदार. दोघांचा डाव आधी दुकानात पोत्यावर बसून चालायचा, पुढं काकांच्या ओट्यावर. एकदा काकांनी घोड्याला हात लावला, मग विचार बदलला आणि हात उंटाकडं नेला. कंट्रोलर म्हणाले, हात लावला, आता घोडाच खेळायचा. काका म्हणाले, मी खेळत नव्हतो, नीट करत होतो, घोडा वाकडा बसला होता. कंट्रोलर म्हणाले, "घोडा वाकडा बसत न्हाई. माणूस बसतो." आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले. चहा ठेवून गेले हे काकांना जास्त लागलं. तेव्हापासून अबोला. दोघं संध्याकाळी आपापल्या ओट्यावर एकाच वेळी येऊन बसायचे, एक पूर्वेला तोंड करून, दुसरा पश्चिमेला.

मग काकीचा फोन आला. काका दिवसभर घरात, आणि दुकानदार माणूस घरात रिकामा बसला की जे होतं ते झालं होतं. त्यांनी स्वैपाकघर लावायला घेतलं होतं. "जे जास्त खपतंय ते हाताशी पायजे म्हणत्यात," काकी सांगत होती. "मला मीठ घावंना. काल म्हणाले, तुझं जिरं लय उठतंय. आवं, मी काय गिऱ्हाईक हाय का?" मी हसलो. काकी हसली नाही. "त्ये जाऊ दे. पर माणूस बोलायचं थांबलंय रं. अर्धी भाकरी खात्यात आणि दुपारभर भिताडाकडं त्वांड करून पडत्यात. मला भ्या वाटतंय. त्या मशीनवर का हुईना, खेळू दे त्यास्नी. कायबी कर."

काकीला आजवर कशाची भीती वाटलेली मी ऐकली नव्हती. मी रविवारची एसटी धरली.

लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती, म्हणून साताऱ्याहून फ्लॉप्यांची चळत नेली होती. त्यातली एक कराडच्या आसपास कुठंतरी गचके खाऊन बिघडली असावी. ती नेमकी शेवटची निघाली आणि मला पुढच्या रविवारी परत जावं लागलं. पण अखेर लिनक्स चढलं. मी हौसेनं चांगलं नटवलं त्याला. रंगीत खिडक्या, कोपऱ्यात घड्याळ, आणि बाण जिकडं जाईल तिकडं बघणारे दोन डोळे. काकीला डोळे फार आवडले. मधोमध बुद्धिबळाचा पट.

आणि ते चालेना. म्हणजे चालायचं, पण कसं? काका बटण दाबून आंघोळीला जात, देवपूजा उरकून येत, तेव्हा पट दिसायला लागलेला असे. प्यादं पुढं सरकवलं की आत कडकड कडकड आवाज सुरू व्हायचा, आणि उत्तर येईपर्यंत काकांना डुलकी लागायची. जागे झाल्यावर आता पाळी कुणाची हेच आठवायचं नाही.

"इतका इच्यार तर पोरगी देताना बी कोण करत न्हाई," काका म्हणाले.

मी त्यांना समजावलं. मेमरी म्हणजे दुकानातली फळी, हार्ड डिस्क म्हणजे मागची वखार. फळीवर जागा संपली की माल तात्पुरता वखारीत टाकायचा आणि लागेल तसा पुढं आणायचा. त्या वखारीला स्वॅप म्हणतात. काकांना एका दमात कळलं. "म्हंजे कडकड वाजतंय ते हमालाचं हेलपाटं," ते म्हणाले. क्लासमधल्या मुलांना हे समजवायला मला आठवडा लागायचा.

मग मी त्यांना मागं काय काय चालू आहे ते दाखवलं. पत्रं पोचवणारा एक प्रोग्राम, छपाईची वाट बघणारा एक, आणि जगातून कुणी विचारायला आलं तर उत्तर द्यायला एक. त्या काळी लिनक्स घातलं की ही सगळी मंडळी न विचारता कामावर हजर व्हायची.

"छापायचं मशीन हाय का आपल्याकडं?"

"नाही."

"कोण येतंय का इच्यारायला?"

"फोनची तारच जोडलेली नाही, काका."

"मग गिऱ्हाईक न्हाई आणि एवढं नोकर कशाला ठेवल्यात? काढ की!"

काही काढले, काही राहिले. जाता जाता मी आणखी एक वखार बांधून ठेवली, म्हणजे दुसरी स्वॅप तयार केली. पण ती चालू करून बघायच्या आत माझ्या गाडीची वेळ झाली. काकांना मी दोन शब्द शिकवले, स्वॅपऑन आणि स्वॅपऑफ. एकानं वखार उघडते, दुसऱ्यानं मिटते. बाकीचं फोनवर सांगतो म्हटलं आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून फोन केला.

"काका, आता एकच करायचं. पट उघडायच्या आधी स्वॅप वाढवायची."

"वाढवू?"

"हां, वाढवा."

"सगळी?"

"सगळी वाढवा की! मागं कशाला ठेवायची?"

"तुला म्हाईत असंल बाबा," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मग काही दिवस काहीच कळलं नाही. आणि एका सकाळी काकांचाच फोन. आवाज असा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"हरवलं रं त्याला! रोज हरवतोय!"

"मात दिलीत?"

"मात द्यायची येळच येत न्हाई. जरा दाबून धरलं की डाव टाकून पळतंय. लय भित्रं निघालं गड्या!"

काका हे फोनवर जेवढ्या मोठ्यानं सांगत होते तेवढ्याच मोठ्यानं ते गल्लीतही सांगत होते, हे मला नंतर कळलं. ओट्यावर उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला, पश्चिमेला तोंड करून बसलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. अमेरिकेचं मशीन, पण सांगलीपुढं टिकेना.

मागून काकीनं फोन घेतला. "दोन भाकऱ्या खाल्ल्या काल," ती म्हणाली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी क्लासमधल्या पोरांना लवकर सोडून दिलं. पण खोड ती खोड. बुद्धिबळाचा प्रोग्राम पळून कसा जातो? तो हरतो, पळत नाही. दोन रात्री मला नीट झोप आली नाही आणि रविवारी मी पुन्हा सांगलीत हजर झालो.

काका खेळत होते, मी मागं उभा. यंत्र आश्चर्य वाटावं इतकं गप्प होतं, कडकड नाही काही नाही. चाली पटापट येत होत्या. डाव मध्यावर आला, काकांनी वजीर पुढं काढला, यंत्र विचारात पडलं, आणि पट गेला, घड्याळ गेलं, काकीचे डोळे गेले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उरली, मेमरी संपली म्हणून.

"पळालं!" काकांनी मांडीवर थाप मारली.

मी बसून बघितलं. स्वॅप शून्य. जुनीही बंद, नवीही बंद. फळी भरली की यंत्राला माल टाकायला जागाच नव्हती, त्यामुळं ते तिथंच कोसळत होतं.

"काका, स्वॅप कुणी बंद केली?"

"बंद कोण करंल? तू सांगिटलंस म्हणून वाढवली. मी दोनदा इच्यारलं, सगळी वाढवू का म्हणून. तू म्हणालास, मागं कशाला ठेवायची."

व्यापाऱ्याच्या घरात 'बंद' म्हणत नाहीत. दुकान वाढवायचं असतं, बांगडी वाढवायची असते, नारळसुद्धा वाढवायचा असतो. बंद करतात ते मोर्चेवाले. काकांनी जन्मभर रोज रात्री फळ्या लावून दुकान वाढवलं होतं, तशी त्यांनी माझ्या सांगण्यावरून वखार वाढवली, कुलूप लावून किल्ली कनवटीला. चूक एवढीच, की मराठी मी क्लासमधली वापरली आणि काकांनी घरची.

काकीनं मला स्वैपाकघरात बोलावलं. "काय बिघडलंय का त्यात?"

मी सांगितलं.

"मग राहू दे की तसंच," ती हळूच म्हणाली. "जेवाय लागल्यात. हसाय लागल्यात."

शहाण्या माणसानं ऐकलं असतं. मी मनाशी म्हणालो, हा प्रश्न सत्याचा आहे. तो प्रश्न सत्याचा अजिबात नव्हता. माझ्यासमोर एक यंत्र नीट चालत नव्हतं आणि माझे हात शिवशिवत होते. मी दोन्ही वखारी उघडल्या. उरलेले नोकर काढले. रंगीत खिडक्या, घड्याळ आणि डोळे उतरवून साध्या खिडक्या बसवल्या. मग लिनक्सचा गाभाच त्या लॅपटॉपच्या मापानं नव्यानं बांधायला घेतला, नको ते सगळं वगळून. ते काम सकाळी सुरू केलं ते संपेना. काकी दर थोड्या वेळानं डोकावून, गिरणीत विचारावं तसं, "दळण झालं का?" विचारायची आणि उत्तर न ऐकता जायची.

झालं तेव्हा मात्र यंत्र असं सुटलं म्हणता! बटण दाबलं की पट हजर. काकांनी प्यादं हलवून हात मागं घ्यायच्या आत तिकडून उत्तर. काका पहिल्या डावात हरले. दुसऱ्यात लवकर हरले. तिसऱ्यात त्यांनी वजीर पुढं काढला, यंत्र क्षणभर थांबलं, काका वाट बघत राहिले. ते पळालं नाही. त्यानं वजीर मारला.

काका म्हणाले, "म्हंजे आजवर मी एकबी डाव जितलो नव्हतो?"

"तसं नाही काका, ते..."

"ते पळत नव्हतं. मरत हुतं." ते उठले, क्रोशाचा रुमाल लॅपटॉपवर नीट पसरला, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

मला माझाच इतका राग आला की काय सांगू. काकीनं जेवायला वाढलं. आग्रह केला नाही. सांगलीत आमच्या घरी आग्रह न होणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. मी मान खाली घालून जेवलो आणि चारच्या गाडीनं जावं असं ठरवलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. कंट्रोलर. स्टँडवर गाड्यांची नावं पुकारून पुकारून त्यांचा आवाज कायमचा तसाच झाला होता. "वैनी, मशीन बघाय आलोय," त्यांनी जाहीर केलं. "माणसाकडं माझं काम न्हाई."

आतून काका उठून आले. कंट्रोलरकडं न बघता मला म्हणाले, "चप्पल भाईर काढा म्हणावं."

"काढल्यात म्हणावं," कंट्रोलर मला म्हणाले. "रोज ऐकतोय, हरवलं, हरवलं. एक डाव दाखवा म्हणावं."

काकांचा चेहरा उतरला. काकीनं मला डोळ्यानं खूण केली, ते वखारीचं काहीतरी कर. मला पटलं. वखारी मिटायच्या, एका शब्दाचं काम होतं. मी लॅपटॉपकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "हाय तसं चालू दे." आणि मांडी घालून बसले. त्या वेळी मला काकांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

डाव सुरू झाला. कंट्रोलर माझ्या पलीकडं बसले, मी मध्ये. यंत्र पटापट खेळत होतं आणि काका पटापट मागं हटत होते.

"त्यास्नी सांग, उंटाकडं बघा," कंट्रोलर मला म्हणाले.

"काका, उंटाकडं बघा."

"दिसतंय म्हणावं."

"दिसतंय म्हणाले."

"दिसतंय तर गप का बसलाय म्हणावं."

असा बराच वेळ मी टेलिफोन एक्स्चेंजचं काम केलं. मध्येच काकांनी बाणानं घोडा उचलला, पटावर फिरवला, आणि परत जागेवर ठेवला. यंत्र काही म्हणालं नाही. काकांनी तिरक्या डोळ्यानं उजवीकडं बघितलं. कंट्रोलरांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटले, आणि छताकडं बघून म्हणाले, "मशीनला चालत असंल."

मग यंत्रानं एक हत्ती असा घुसवला की मलाही कळलं, आता वजीर जाणार. काकांना दिसलं नव्हतं. त्यांचा बाण भलत्याच प्याद्याकडं निघाला. कंट्रोलर माझ्याकडं वळले, तोंड उघडलं, पण माझ्यामार्फत सांगायला वेळ नव्हता.

"आरं मर्दा, वजीर चाललाय तुझा! उंट मधी घाल!"

काकी दाराशी येऊन उभी राहिली. काकांनी मान वर केली नाही. त्यांनी उंट मध्ये घातला, आणि जरा सरकून कंट्रोलरला पटासमोर जागा केली. मी उठून बाजूला झालो. मला कुणी थांबवलं नाही.

उरलेला डाव दोघं मिळून खेळले. भांडले, एकमेकांचे हात धरले, यंत्राला शिव्या घातल्या. आणि व्यवस्थित हरले. शेवटचा शह बसला.

"माझंच चुकलं," काका म्हणाले.

"माझं," कंट्रोलर म्हणाले. "बोलाय उशीर केला."

मी पुरता विरघळलो होतो. काकीनं चहा आणला. कंट्रोलरांनी सगळा प्याला, कप पालथा करून बशीत ठेवला आणि उठले. दारात जाऊन थांबले.

"उद्या किती वाजता?"

"ह्याला काय," काका लॅपटॉपकडं बोट करून म्हणाले, "बटण दाबलं की कवाबी तयार हाय."

"ह्याला कोण इच्यारतंय?" कंट्रोलर म्हणाले. "तुला इच्यारतोय."

काका उठले आणि फडताळातून सोंगट्यांचा डबा काढायला लागले, जणू उद्या आत्ताच सुरू होणार होता. काकी आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसली. मी लॅपटॉपजवळ गेलो. त्या दिवसासारखं यंत्र मी पुन्हा कधी बांधलं नाही, इतकं ते सुरेख चालत होतं, आणि त्याच्याकडं बघायला तिथं कुणीही मोकळं नव्हतं.